एकट्याने मध्ययुगीन आरपीजी बनवताना काम नेमके कुठे अडते?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. नोकरी सांभाळून तुम्ही तीन वर्षे एकट्याने मध्ययुगीन कल्पनाविश्वातील एका त्रिमितीय आरपीजीवर (पात्राची भूमिका घेऊन खेळायच्या गेमवर) काम करत आहात. चार किलोमीटर लांब आणि तितकाच रुंद नकाशा तयार आहे, तलवारीची लढाई चालते, हवामान बदलते, दिवस मावळतो, लोहारकाम आणि औषधी काढे करण्याची सोय आहे, आणि ६० क्वेस्टची (खेळाडूला मिळणाऱ्या कामगिऱ्यांची) यादी लिहून ठेवलेली आहे. तरीही दुसऱ्या कोणाच्या हाती देऊन ‘हे खेळून पाहा’ असे म्हणण्याजोगे सलग काही नाही. इंजिन (ज्या तयार सॉफ्टवेअरवर गेम उभा आहे ते) बदलावे, नकाशा लहान करावा की कोणाला तरी मदतीला घ्यावे, हे तुम्हाला ठरवायचे आहे. शिवाय गेमची जाहीर घोषणा आताच करावी का, असेही तुम्ही विचारले आहे.

तुमच्या वर्णनावरून तुमची गती कमी आहे असे मला मुळीच वाटत नाही. आठवड्याच्या उरलेल्या वेळेत एवढे उभे करणे हे भरपूर काम आहे. अडचण अशी आहे की प्रत्येक यंत्रणा स्वतंत्रपणे चालते, पण जिथे दोन यंत्रणा एकमेकींना भेटतात तिथले काम अजून झालेले नाही, आणि आरपीजीमध्ये मोठा खर्च नेमका त्या सांध्यांवर होतो. लढाई, संवाद, व्यापार आणि कौशल्यवाढ या चारच यंत्रणा असतील तर त्यांच्या जोड्या ६ होतात. त्यांत हवामान, दिवसरात्र, लोहारकाम आणि काढे यांची भर घातली की यंत्रणा आठ होतात आणि जोड्या २८. पाऊस पडत असताना उघड्यावरची भट्टी पेटते का? रात्री दुकान बंद असेल तर क्वेस्टची वस्तू कोणाच्या हाती द्यायची? काढा पिऊन तात्पुरती वाढलेली ताकद संवादातील धाक दाखवण्याच्या पर्यायात धरायची की नाही? यांतला एकही प्रश्न अवघड नाही, पण प्रत्येकाला निर्णय, कोड, चाचणी आणि पुष्कळदा एखादे अ‍ॅनिमेशन लागते. यादीत ‘हवामान: पूर्ण’ असे लिहिलेले असते तेव्हा हे सात नवे सांधे त्या यादीत कुठेच दिसत नाहीत.

पुढचे सगळे काही बाबींवर अवलंबून आहे, हे आधी सांगते. तुमची लढाई प्रत्यक्ष वेळेत चालते की पाळीपाळीने, तुम्हाला स्वतःला चित्रे किंवा मॉडेल करता येतात का, आठवड्याला किती तास मिळतात, आणि या गेममधून उत्पन्न हवे आहे की तो पूर्ण झालेला पाहणे हेच मुख्य उद्दिष्ट आहे, यांनुसार सल्ला बराच बदलतो. मी असे धरले आहे की लढाई प्रत्यक्ष वेळेत चालते, आठवड्याला बारा तासांच्या आसपास वेळ मिळतो, आणि गेम कधीतरी विकायचा आहे. यांपैकी काही चुकत असेल तर पुढील आकडे आपल्या परिस्थितीप्रमाणे बदलून घ्या. त्यामागचे तर्क सहसा तेच राहतात.

एकट्यादुकट्याने केलेल्या गेमची उदाहरणे देताना त्यांना किती वर्षे लागली याची चर्चा होते, पण त्या लोकांनी काय वगळले हे मला अधिक शिकवून जाते. एरिक बॅरोन यांनी ‘स्टारड्यू व्हॅली’चे कोड, चित्रे, संगीत आणि लेखन हे सर्व स्वतः केले, त्याला सुमारे साडेचार वर्षे लागली आणि गेम फेब्रुवारी २०१६ मध्ये आला. एवढा वेळ देऊनही तो गेम द्विमितीय आहे, एका खोऱ्यात आणि मोजक्या गावकऱ्यांत घडतो, आणि त्यातील लढाई मुद्दाम साधी ठेवलेली आहे. टोबी फॉक्स यांच्या २०१५ मधील ‘अंडरटेल’मध्ये चित्रांसाठी इतरांची मदत होती, पण त्याच्या रचनेतील खरी काटकसर ही की शत्रूशी लढणे आणि शत्रूशी बोलणे हे एकाच पडद्यावर, एकाच यंत्रणेत घडते. तुमच्या कामाला सर्वांत जवळचे उदाहरण ‘माउंट अँड ब्लेड’चे आहे. तुर्कस्तानातील एका दाम्पत्याने ते काम सुरू केले, पूर्ण होण्याच्या बऱ्याच आधीपासून त्याच्या अपूर्ण आवृत्त्या विकल्या गेल्या, आणि पूर्ण गेम २००८ मध्ये प्रकाशित झाला. घोड्यावरून लढण्याचा अनुभव त्यांनी मन लावून घडवला. शहरांमधील बहुतेक व्यवहार मात्र साध्या मेनूतून होतात. शहरात पाय ठेवल्यावर बाजारापर्यंत चालत जाण्याची सक्ती नसल्यामुळे किती सांधे वाचले असतील, याचा विचार करून पाहा.

आता नकाशाचा हिशेब. तुमचा नकाशा १६ चौरस किलोमीटरचा आहे. पात्र सेकंदाला ५ मीटर वेगाने धावते असे धरू. माझ्या अनुभवात ४० सेकंद धावूनही थांबून पाहावे असे काही लागले नाही तर खेळाडूचे लक्ष उडते. म्हणजे साधारण दर २०० मीटरला एक जागा हवी. नकाशावर २०० मीटरच्या चौकटी आखल्या तर त्या ४०० होतात. पडकी चौकी, कोळसा पाडणाऱ्यांची वस्ती, दरोडेखोरांचा तळ, ओढ्याकाठचे जुने थडगे, अशी एक जागा मांडून, तिथे काहीतरी घडवून, तपासून पूर्ण करायला ६ तास हा उदार अंदाज आहे. त्याचे २४०० तास होतात. आठवड्याला १२ तासांप्रमाणे ते २०० आठवडे, म्हणजे जवळजवळ चार वर्षे, आणि यात मुख्य कथा, संवाद आणि दुरुस्त्या कुठेच नाहीत. हाच हिशेब एक किलोमीटर बाय एक किलोमीटरसाठी केला तर २५ जागा, १५० तास आणि साडेबारा आठवडे येतात. म्हणून तुमच्या तीन पर्यायांपैकी नकाशा लहान करणे हा माझ्या मते एकमेव असा पर्याय आहे जो परिस्थिती कशीही असली तरी योग्य ठरतो.

लहान नकाशा दरिद्री दिसेल ही भीती मला समजते, पण तुमचा विषय इथे तुमच्या बाजूने आहे. मध्ययुगीन युरोपातील बहुतेक नगरांची वस्ती काही हजारांपलीकडे नव्हती, आणि बहुतांश लोकांचा नित्याचा व्यवहार एका दिवसात पायी जाऊन परत येता येईल एवढ्या टापूत चाले. एक मठ, तटबंदीची एक छोटी बाजारपेठ, एका सरदाराची गढी आणि त्यांच्यामधले जंगल एवढ्यातच कर, वारसा, तीर्थयात्रा, कारागिरांच्या संघातील वैर आणि दुष्काळ हे सगळे मावते. चेटूक आणि राक्षस त्यावर आणता येतात. शिवाय नदीवर एकच पूल ठेवला, टेकडीवरची वाट वळणावळणाची केली, जंगलात दृष्टी चाळीस पावलांपलीकडे जाऊ दिली नाही, तर एका चौरस किलोमीटरमध्ये फिरण्याचा अनुभव तुमच्या सध्याच्या उघड्या माळरानापेक्षा मोठा वाटतो. अंतराचा भास घडवायला वळणे आणि अडथळे लागतात, क्षेत्रफळ फारसे लागत नाही.

आता क्वेस्टकडे वळते, कारण एकट्या माणसाचे काम सर्वाधिक वेळा इथेच गुंतते. एक नमुना घेऊ. मठातली घंटा चोरीला गेली आहे आणि मठाधिपती ती शोधून आणायला सांगतो. घंटा कांस्याची असल्यामुळे वितळवून विकण्याजोगी आहे, आणि ती बाजारपेठेतील ओताऱ्याच्या कारखान्यात आहे. खेळाडू ती विकत घेऊ शकतो, रात्री शिरून चोरू शकतो, ओताऱ्याला धाक दाखवू शकतो, त्याला मारू शकतो, किंवा मठाधिपतीला नुसते त्याचे नाव सांगू शकतो. कागदावर ही क्वेस्ट सुंदर दिसते. मग लक्षात येते की हाच ओतारी चिलखताच्या कड्या आणि बक्कल विकतो, दुसऱ्या एका क्वेस्टमध्ये तो किल्लीचा साचा करून देणार आहे, आणि जखमा बऱ्या करण्याची सोय मठाधिपतीकडे आहे. साहजिकच कोडमध्ये होय-नाही स्वरूपाचे फ्लॅग वाढू लागतात: घंटा मिळाली, ओतारी मेला, मठाधिपती रागावला, पैसे दिले, पहारेकऱ्याने पाहिले. असे १० फ्लॅग झाले की त्यांच्या संभाव्य स्थिती १०२४ होतात. त्यांतल्या बहुतेक कधीच उद्भवत नाहीत, पण कोणत्या उद्भवतात हे कोणालाच सांगता येत नाही, आणि एकट्या माणसाला त्या सर्व तपासणे अशक्य असते.

यावर मी ज्या पद्धतीने काम करते ती अशी. प्रथम, क्वेस्ट कुठपर्यंत आली ही माहिती आणि जगात काय खरे आहे ही माहिती या दोन वेगळ्या ठिकाणी ठेवायच्या. क्वेस्टकडे फक्त टप्प्याचा एक क्रमांक असतो. जगाकडे वस्तुस्थिती असते, आणि ती शक्य तिथे एकाच बहुपर्यायी नोंदीत मांडायची. ‘घंटा कुठे आहे’ या एका नोंदीला चारच उत्तरे आहेत: मनोऱ्यात, कारखान्यात, खेळाडूच्या पिशवीत, किंवा वितळलेली. याच गोष्टीसाठी चार स्वतंत्र फ्लॅग ठेवले असते तर १६ स्थिती शक्य झाल्या असत्या, आणि त्यांत घंटा एकाच वेळी मनोऱ्यात आणि पिशवीत असण्यासारख्या अशक्य स्थितीही आल्या असत्या. असे बहुतेक बग शोधून दुरुस्त करावे लागत नाहीत. नोंदीच्या रचनेतच त्यांना जागा उरत नाही. संवादाच्या अटीही वस्तुस्थितीवर लिहायच्या. ‘सातवी क्वेस्ट पूर्ण झाली का’ असे गावातल्या म्हातारीने विचारू नये. ‘घंटा मनोऱ्यात आहे का’ एवढेच तिने पाहावे आणि त्यानुसार सकाळच्या घंटानादाबद्दल बोलावे. उद्या तुम्ही ती क्वेस्ट बदलली किंवा काढून टाकली तरी म्हातारीचे वाक्य मोडत नाही.

दुसरी गोष्ट, व्यक्ती आणि तिचे गेममधील काम वेगळे करायचे. कड्या आणि बक्कल विकण्याची सोय ओताऱ्याच्या अंगाला न जोडता कारखान्याला जोडा. ओतारी मेला तर दुसऱ्या दिवसापासून गल्ल्यावर त्याची विधवा किंवा उमेदवारी करणारा शिष्य दिसेल. मध्ययुगीन कारागीर संघांमध्ये उस्तादाच्या विधवेने कारखाना पुढे चालवण्याची प्रथा पुष्कळ ठिकाणी होती, त्यामुळे तांत्रिक सोयीसाठी केलेली ही गोष्ट जगाला अधिक खरेपणा देते. विधवा भाव वाढवून सांगेल, शिष्य खेळाडूला पाहून गप्प होईल. दोन वाक्यांचा फरक पुरतो, आणि किल्लीचा साचा मात्र तिथेच मिळतो. मरणाने गेम अडत नाही, तरी मरणाचा परिणाम दिसतो. क्वेस्टच्या रचनेत मला हे सर्वांत मोलाचे वाटते, आणि त्याला जवळजवळ काहीच खर्च येत नाही.

तिसरी गोष्ट, वाटा कितीही फुटू द्या, पण त्या लवकर एकत्र आणा. घंटेच्या पाच मार्गांचे शेवट दोनच ठेवले: घंटा परत आली किंवा वितळली. मार्गांमधला फरक हरवू नये म्हणून मठाचा आणि कारागीर संघाचा खेळाडूविषयीचा कल दाखवणारे दोन आकडे ठेवले, आणि पुढची प्रत्येक क्वेस्ट घंटेच्या तपशिलांकडे न पाहता त्या दोन आकड्यांकडे पाहते. पाचपट लेखन न करता खेळाडूला आपल्या वागण्याची आठवण ठेवली गेल्यासारखे वाटते, कारण मठाचा दारवान पुढे कधीतरी दार उघडायला वेळ लावतो.

आणि चौथी गोष्ट, संवाद कोडमध्ये लिहू नका. ‘इंक’ ही संवादलेखनाची भाषा २०१६ पासून मुक्त स्रोत (कोड सर्वांना खुले असलेली) आहे, ‘यार्न स्पिनर’ हेही त्याच कामाचे साधन आहे, तुम्हाला रुचेल ते घ्या, पण संवाद साध्या मजकुराच्या फाइलमध्ये असू द्या. मग रात्रभर चालणारा एक छोटा प्रोग्राम लिहिता येतो, जो पडद्यावर काहीही न दाखवता संवादांमधले पर्याय वाटेल तसे निवडत जातो आणि ज्या स्थितीतून बाहेर पडायला एकही पर्याय उरत नाही ती स्थिती नोंदवून ठेवतो. चाचणी करणारा माणूस सहसा शहाणपणाचे पर्याय निवडतो, त्यामुळे मठाधिपतीला आधी शिव्या देऊन मग त्याच्याकडेच औषध मागणाऱ्या खेळाडूची वाट त्याच्याकडून तपासलीच जात नाही. हा प्रोग्राम ती तपासतो. एकट्या डेव्हलपरला मिळू शकणारा हा सर्वांत स्वस्त सहकारी आहे.

तुम्ही गावकऱ्यांच्या दिनक्रमाचाही उल्लेख केला आहे. नजरेआड असलेल्या माणसाला प्रत्यक्ष चालवत ठेवण्याची गरज नसते. खेळाडू गावात शिरतो त्या क्षणी घड्याळ पाहून ‘दुपारी दोनला ओतारी कुठे असतो’ याचे उत्तर काढायचे आणि त्याला तिथे उभे करायचे. दिसणाऱ्यांनाच वाट शोधू द्या. यामुळे प्रोसेसरवरचा भार तर घटतोच, पण एखादा गावकरी कुंपणात अडकून रात्रभर तिथेच पाय हलवत राहिला, अशा तक्रारीही जवळजवळ संपतात.

सेव्ह फाइलचे (खेळाडूची प्रगती साठवणाऱ्या फाइलचे) काम तुम्ही ‘शेवटी करू’ या यादीत ठेवले आहे. ते कृपया आजच पुढे आणा. आरपीजीमध्ये सेव्ह म्हणजे वरील सगळ्या सांध्यांची एकत्र नोंद असते, आणि ती शेवटी जोडायला गेले की प्रत्येक यंत्रणा पुन्हा उघडावी लागते. प्रत्येक वस्तूला, माणसाला आणि पेटीला कायमची, कधीही न बदलणारी ओळख द्या. यादीतला क्रमांक किंवा दृश्यातील मार्ग ओळख म्हणून वापरलात तर मधे एक पेटी वाढवताच जुन्या सेव्हमधल्या उघडलेल्या पेट्या सरकतात. मूळ जगापेक्षा जे बदलले आहे तेवढेच साठवा. फाइलच्या सुरुवातीला आवृत्तीचा क्रमांक लिहा, आणि आवृत्ती बदलली की मागच्या आवृत्तीतून पुढच्यात नेणारे एक छोटे फंक्शन लिहा. पाचवीतून नववीत जायचे असेल तर ही फंक्शने एकापाठोपाठ एक चालतात. प्रत्येक आवृत्तीची एकेक सेव्ह फाइल जपून ठेवा आणि रोजच्या स्वयंचलित चाचणीत त्या सगळ्या उघडून पाहा. विक्रीनंतर खेळाडूचे चाळीस तास पुसणारी एक अद्ययावत आवृत्ती गेमचे जेवढे नुकसान करते तेवढे दहा कच्च्या क्वेस्ट करत नाहीत.

लढाईचे आकडे जुळत नाहीत, एक नवी तलवार मिळाली की सगळे शत्रू अचानक सोपे होतात, असे तुम्ही लिहिले आहे. यामागे बहुधा वजाबाकीचे सूत्र असावे: हल्ल्याच्या आकड्यातून बचावाचा आकडा वजा करून नुकसान काढणे. शत्रूचा बचाव १५ आणि हेल्थ ५० धरा. हल्ला २० असेल तर दर वाराला ५ नुकसान, म्हणजे १० वार लागतात. हल्ला २५ झाला की ५ वार पुरतात. तलवार पावपटीने सुधारली आणि शत्रू निम्मा झाला. हल्ला १५ असेल तर नुकसान शून्य, शत्रू मरतच नाही. या सूत्रात प्रत्येक शत्रूसाठी योग्य हल्ल्याचा पट्टा फार अरुंद असतो, आणि ६० क्वेस्ट कोणत्याही क्रमाने करता येणाऱ्या गेममध्ये तो सांभाळणे एकट्याच्या आवाक्याबाहेरचे आहे. त्याऐवजी हल्ल्याच्या आकड्याचा वर्ग करून त्याला हल्ला आणि बचाव यांच्या बेरजेने भागा. बचाव तोच १५ आणि हेल्थ १०० धरली तर १५ हल्ल्याला दर वारी ७.५, २० ला सुमारे ११.४ आणि २५ ला सुमारे १५.६ नुकसान होते. म्हणजे अनुक्रमे १४, ९ आणि ७ वार. कमकुवत खेळाडू झगडतो पण अडत नाही, बलवान खेळाडूला आपण बलवान झाल्याचे जाणवते पण लढाईतली चुरस संपत नाही. तुम्ही क्रमाने खेळायला लावणारा गेम करत असता तर वजाबाकी चालली असती, कारण तिथे खेळाडूचा हल्ला किती असेल हे तुम्हाला माहीत असते.

बाजाराबद्दल थोडेच सांगते. मेलेल्या दरोडेखोराचे चिलखत ३० नाण्यांना विकले जात असेल आणि एका चकमकीत तिघे मरत असतील, तर ४०० नाण्यांची तलवार पाच चकमकींत हाती येते, आणि त्यानंतर क्वेस्टच्या बक्षिसाला अर्थ उरत नाही. दुकानदाराच्या गल्ल्यातच दिवसाला मोजकी नाणी ठेवा, आणि लढाईत मिळालेला माल फाटका-मोडका धरून त्याची किंमत उतरवा. छोट्या गावातला दुकानदार तसाही अमर्याद पैसेवाला नसतो.

इथवर सांगितलेल्याचा मथितार्थ एवढाच की आधी सांधे कमी करायचे, उरलेले सांधे अशा रीतीने मांडायचे की अशक्य स्थिती तयारच होऊ नये, आणि ते यंत्राकडून तपासून घ्यायचे. आता तुमच्या उरलेल्या प्रश्नांकडे येते.

इंजिन बदलू नका. सप्टेंबर २०२३ मध्ये युनिटी या इंजिनाच्या कंपनीने प्रत्येक इन्स्टॉलमागे शुल्क आकारण्याची घोषणा केली तेव्हा अनेकांनी घाईने स्थलांतर केले; ते शुल्क सप्टेंबर २०२४ मध्ये रद्द झाले. गोडो हे एमआयटी परवान्याखालचे (म्हणजे विनाशुल्क आणि मोकळेपणाने वापरता येणारे) मुक्त स्रोत इंजिन आहे आणि नवीन कामासाठी मी त्याचा आनंदाने विचार करेन, पण तुमच्या वर्णनात इंजिनामुळे अडलेली एकही गोष्ट मला दिसली नाही. ‘माझ्या इंजिनात हे करता येत नाही’ असे एका वाक्यात नेमके लिहिता आले तरच स्थलांतराचा विचार करा. आणि संवाद, वस्तू, क्वेस्ट, आकडे हे सारे साध्या मजकुराच्या फाइलमध्ये असेल तर पुढे कधी जावे लागलेच तरी गेमचा बराच भाग तसाच सोबत नेता येईल.

मदतीबाबत माझे मत असे आहे की ज्या कामाचे सांधे सर्वांत कमी, ते काम आधी दुसऱ्याला द्यावे. संगीत, पात्रांची चित्रे, मुखपृष्ठ, शस्त्रांचे आवाज ही कामे गेमच्या पोटात न शिरता पूर्ण होतात. क्वेस्टचे कोड लिहायला दुसरा माणूस घेतलात तर पहिले अनेक महिने तुम्ही त्याला तुमचे जग समजावून सांगण्यात घालवाल. कोणाकडूनही काम घ्या, पण हक्क, मोबदला आणि श्रेयनामावली हे कामाआधी लेखी ठरवा, विशेषतः समोरची व्यक्ती मित्र असेल तेव्हा. विकतची किंवा मोफत मॉडेल वापरण्यात कमीपणा नाही. फक्त सर्वांना एकच रंगसंगती आणि एकच शेडर (पृष्ठभाग कसा दिसेल हे ठरवणारा कोड) लावा, म्हणजे पाच ठिकाणांहून आणलेली घरे एका गावातली वाटतील.

प्रगती मोजण्याची पद्धतही बदला. तुमच्या मदतीशिवाय एखादी अनोळखी व्यक्ती सुरुवातीपासून किती मिनिटे सलग खेळू शकते, हा एकच आकडा भिंतीवर लिहा. आज तो शून्य असेल तर पहिले लक्ष्य चाळीस मिनिटांचे ठेवा: मठात आगमन, घंटेची क्वेस्ट, बाजारपेठ, जंगलातली एक चकमक, आणि एक खरा शेवट. घरे राखाडी ठोकळ्यांची असली तरी चालतील, पण सेव्ह चालले पाहिजे, मरण चालले पाहिजे, आणि शेवट आला पाहिजे. ते कोणाला तरी खेळायला देऊन मागे गप्प बसा. ते नकाशा किती वेळा उघडतात, कोणते संवाद न वाचता पुढे ढकलतात, कुठे दोनदा त्याच दारावर येतात, एवढेच टिपा. नंतर ते काय सुचवतात यापेक्षा ते कुठे थांबले हे अधिक विश्वासार्ह असते. हवामान आणि काढे या चाळीस मिनिटांत लागत नसतील तर त्यांना कोडच्या वेगळ्या शाखेत, म्हणजे मुख्य आवृत्तीपासून अलग प्रतीत, ठेवा. तुमचे ते काम वाया गेलेले नाही, पण सध्या त्यांचे सांधे मोजायला तुमच्याकडे तास नाहीत.

घोषणेचा प्रश्न याच टप्प्याशी जोडलेला आहे. स्टीम या गेमविक्रीच्या ऑनलाइन दुकानात एका गेमच्या नोंदणीचे शुल्क १०० डॉलर आहे, आणि त्या गेमची विक्री १००० डॉलरपर्यंत गेली की ते परत मिळते. त्यामुळे खर्च हा मोठा अडसर नाही. गेमचे तिथले पान लवकर उघडल्याने उत्सुक लोक जमायला वेळ मिळतो हेही खरे आहे. पण तिथे टाकलेले प्रत्येक चित्र हे वचन असते, आणि चार किलोमीटरच्या नकाशाचे चित्र टाकलेत तर तो नकाशा कापण्याचे स्वातंत्र्य तुम्ही गमावता. म्हणून चाळीस मिनिटे तीन-चार अनोळखी लोकांनी अडखळत का होईना पार केली, की मग त्या चाळीस मिनिटांतलीच चित्रे घेऊन घोषणा करा. पुढे तोच भाग डेमो म्हणून उपयोगी पडतो. स्टीमवर खरेदीपासून चौदा दिवसांत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळून गेम परत करता येतो, हेही रचनेत धरून चाला: खेळाडू पहिल्या दोन तासांतच निर्णय घेतो, त्यामुळे हा सुरुवातीचा टापू तुमच्या गेममधला सर्वांत घट्ट विणलेला भाग असायला हवा.

६० क्वेस्टच्या यादीतून पहिल्या टप्प्यासाठी निवड करताना कोणती क्वेस्ट सर्वांत भव्य आहे हे पाहू नका. ज्या क्वेस्टमध्ये तीच माणसे आणि त्याच जागा पुन्हा येतात अशा पाच-सहा घ्या. ओतारी, मठाधिपती, दारवान आणि ती म्हातारी यांना प्रत्येकी तीन क्वेस्टमध्ये काम मिळाले तर नवे संवाद थोडे लागतात, आणि खेळाडूला मात्र त्या माणसांची नावे लक्षात राहतात. तुमची यादी या निकषाने चाळून झाली की ती इथे लिहा; कोणत्या क्वेस्ट एकमेकींत विलीन करता येतील ते मी पाहून सांगेन.